‘एलियन नेशन’ मालिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या जुन्या अमेरिकन मालिकेबद्दल मी अधूनमधून लिहीत असते. दर वेळी तेच प्रश्न वेगवेगळ्या माणसांकडून येतात, म्हणून ते सगळे इथे एकत्र केले आहेत. आधी अगदी सुरुवातीचे प्रश्न आहेत, मग मालिका पाहून झालेल्यांना पडणारे. एखादं उत्तर दुसरीकडे सविस्तर असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. शेवट आधी कळायला नको असेल तर प्रश्न १५ आणि १६ सोडून वाचा.

१. ही मालिका नेमकी कशाबद्दल आहे?

एक अवकाशयान कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात उतरतं. आत अडीच लाख जण असतात, आणि ते सगळे गुलाम. कुठल्याही ग्रहावर, कसल्याही हवामानात राबता यावं म्हणून मुद्दाम तशी पैदास केलेली जमात. परत जायची वाट त्यांना ठाऊक नाही. काही महिने त्यांना छावणीत ठेवलं जातं, मग लॉस एंजेलिस शहरात वसवलं जातं. त्यांचं मूळ नाव टेंक्टनीज. माणसं त्यांना ‘न्यूकमर’ म्हणतात. मी इथे ‘नवागत’ म्हणते.

गोष्ट सुरू होते ती या सगळ्याला पाच वर्षं होऊन गेल्यावर. मॅट सायक्स हा तिथला पोलीस डिटेक्टिव्ह, घटस्फोटित, तिरसट आणि नवागतांबद्दल मनात अढी असलेला. त्याला जोडीदार मिळतो जॉर्ज फ्रान्सिस्को, नवागतांमधून डिटेक्टिव्ह झालेला सरळमार्गी गृहस्थ. दर भागात एक गुन्हा असतो. पण ज्यांनी मालिका पाहिली त्यांच्या लक्षात गुन्हे राहत नाहीत, फ्रान्सिस्कोचं घर राहतं.

२. मूळ चित्रपट कोणता?

याच नावाचा, १९८८चा. पटकथा रॉकने एस. ओबॅनन यांची, दिग्दर्शन ग्रॅहम बेकर यांचं, निर्मात्यांत गेल अ‍ॅन हर्ड. प्रमुख भूमिकांत जेम्स कान आणि मँडी पटिंकिन, खलनायक टेरेन्स स्टॅम्प. अमेरिकेत त्याने सुमारे अडीच कोटी डॉलरचा धंदा केला. डोक्यावर घेतला गेला नाही आणि पडलाही नाही.

३. चित्रपट आधी पाहायलाच हवा का?

नाही. मालिकेने गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली आहे. उलट आधी मालिका पाहिलेल्यांना चित्रपट थोडा कोरडा वाटतो, असं मला बऱ्याच जणांनी कळवलं आहे आणि माझंही तेच मत आहे.

४. एकूण किती भाग? कधी दाखवले?

सुरुवातीचा दोन तासांचा भाग धरून २२. अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीवर १८ सप्टेंबर १९८९ ते ७ मे १९९०, दर सोमवारी रात्री नऊला, ‘ट्वेंटीवन जंप स्ट्रीट’नंतर. एकच हंगाम. पुढे पाच टीव्ही चित्रपट आले, त्यांची यादी प्रश्न १६ मध्ये आहे.

५. नावाचा अर्थ काय? मराठीत काय म्हणता येईल?

इंग्रजीत ही कोटी आहे. दोन शब्द सुटे लिहिले तर ‘परग्रहवासीयांचं राष्ट्र’, आणि एका दमात उच्चारले तर ‘एलिएनेशन’, म्हणजे परकेपण, तुटलेपण. ‘एलियन’ हा शब्द अमेरिकेच्या कायद्यात नागरिक नसलेल्या कोणाही परदेशी माणसासाठी वापरला जातो, तोही अर्थ त्यात बसलेला आहे. मराठीत एका शब्दात हे सगळं येत नाही. सर्वांत जवळचा शब्द मला ‘उपरे’ वाटतो. त्यात अवकाश येत नाही, पण ज्याला गावात राहू देतात आणि गावचा मात्र म्हणत नाहीत, तो बरोबर येतो.

६. चित्रपटातलेच नट मालिकेत आहेत का? आणि सायक्सचं स्पेलिंग दोन प्रकारे का दिसतं?

नट सगळे बदलले. मालिकेत सायक्स आहे गॅरी ग्रॅहम आणि जॉर्ज आहे एरिक पियरपॉइंट. जॉर्जची बायको सुझन म्हणजे मिशेल स्काराबेली, मुलगा बक म्हणजे शॉन सिक्स, मुलगी एमिली म्हणजे लॉरेन वुडलँड. सायक्सच्या शेजारी राहणारी नवागत जीवरसायनशास्त्रज्ञ कॅथी फ्रँकेल साकारली आहे टेरी ट्रीस हिने. कॅप्टन ग्रेझर आहे रॉन फॅस्लर.

स्पेलिंगचं म्हणाल तर चित्रपटातल्या सायक्समध्ये ‘वाय’ आहे, मालिकेतल्या सायक्समध्ये ‘आय’. देवनागरीत फरक दिसतच नाही, म्हणून आपल्याकडे हा प्रश्न उपशीर्षकं लावून पाहणाऱ्यांनाच पडतो. छापखान्याची चूक नाही ती. मालिकेतला सायक्स वेगळा माणूस आहे एवढं समजून चालावं.

७. मग चित्रपट आणि मालिका यांत खरा फरक कोणता?

माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे, म्हणून जरा लांबण लावते.

चित्रपट हा दोन पोलिसांचा मारधाडपट आहे. न पटणारे दोन जोडीदार, अमली पदार्थांची टोळी, गाड्यांचा पाठलाग. जोडीदारांपैकी एक परग्रहावरचा, एवढाच काय तो वेगळेपणा. नवागत कसे जगतात हे दिसतं, पण धावत्या गाडीच्या खिडकीतून दिसावं तसं.

मालिका घडवली केनेथ जॉन्सन यांनी. ‘द बायोनिक वुमन’ त्यांचीच आणि ‘व्ही’देखील. ‘व्ही’मध्ये परग्रहवासी हे राज्य करायला आलेले फॅसिस्ट होते. इथे त्याच माणसाने परग्रहवासीयांना सगळ्यांत खालच्या पायरीवर बसवून पाहिलं. जॉन्सन यांनी पुढे मुलाखतींत सांगितलेली गोष्ट अशी: वाहिनीला चित्रपटासारखंच पोलिसी प्रकरण हवं होतं. जॉन्सन चित्रपट पाहत होते आणि त्यात एक अगदी छोटं दृश्य येऊन गेलं. पटिंकिनचं पात्र कामावर निघतंय आणि दारात बायको आणि मूल उभं राहून निरोप देतंय. जॉन्सन तिथेच अडकले. ही माणसं कोण? यांच्या घरात काय चालतं? मालिका त्यांना या दारातून आत जाऊन करायची होती.

आणि ती तशीच झाली. जॉर्जला अमेरिकन व्हायचं आहे, अगदी मनापासून. टाय नीट, हिरवळ कापलेली, शेजाऱ्यांशी गोड बोलणं. सुझन जाहिरात क्षेत्रात नोकरी करते. बक सतरा-अठराचा आहे आणि बापाचं हे ‘त्यांच्यासारखं’ होणं त्याला सहन होत नाही. त्याला आपली भाषा हवी आहे, आपला धर्म हवा आहे. एमिलीला मैत्रिणी हव्या आहेत. एका घरात चार जण, आणि परक्या देशात कसं राहावं याची चौघांची चार उत्तरं. जेवणाच्या टेबलावरची त्यांची भांडणं मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. खुनाचा छडा लागतो तो भाग तेवढ्यात चहा ठेवायला उठलं तरी चालतं.

८. नवागतांची नावं इतकी विचित्र का आहेत?

छावणीतून बाहेर सोडताना अधिकाऱ्यांनी त्यांना नावं वाटली म्हणून. लाखो जणांना नावं द्यायची, वैतागलेले कारकून, मग थट्टा सुरू झाली. चित्रपटात जॉर्जचं कागदावरचं नाव ‘सॅम फ्रान्सिस्को’ आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या नावाची ही मोडतोड. सायक्सला हे नाव घेऊन कोणाची ओळख करून द्यायची लाज वाटते, म्हणून तो त्याला ‘जॉर्ज’ म्हणू लागतो. मालिकेत तो सगळ्यांसाठी जॉर्जच आहे. पोलीस ठाण्यात झाडलोट करणाऱ्या भाबड्या नवागताचं नाव आहे अल्बर्ट आइन्स्टाइन. जेफ मार्कस या नटाने तो इतक्या हळुवारपणे उभा केला आहे की नावाचं हसू पहिल्या दोन मिनिटांत ओसरतं.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी वाचकांची पत्रं सगळ्यांत जास्त याच मुद्द्यावर येतात. माझ्या मामेभावाचं नाव ज्ञानेश्वर. तिथल्या पहिल्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात त्याचा ‘डॅन’ झाला. कोणी वाईट हेतूने केलं नव्हतं, फक्त कोणाला जीभ वळवायचा त्रास घ्यायचा नव्हता. तो सांगतो, सहा महिन्यांनी फोनवर तोच ‘डॅन बोलतोय’ म्हणायला लागला आणि त्या रात्री त्याला झोप आली नाही. जॉर्ज आपलं नाव उच्चारतो तेव्हा पियरपॉइंटच्या चेहऱ्याकडे पाहा. त्याला त्या नावाचा अभिमान आहे. कोणी तरी ते थट्टेने दिलं होतं हेही त्याला माहीत आहे.

९. नासलेलं दूध आणि समुद्राचं पाणी, हा काय प्रकार आहे?

नवागतांना दारू चढत नाही, नासलेलं दूध चढतं. आपल्याकडे दूध नासलं की साखर घालून आटवायला घेतात. फ्रान्सिस्कोच्या घरी ते पाहुण्यांसाठी पेल्यात ओतलं जातं. मांस ते कच्चंच खातात. त्यांना दोन हृदयं असतात. डोक्यावर केस नसतात, त्याऐवजी ठिपके असतात, आणि प्रत्येकाच्या ठिपक्यांची नक्षी निराळी.

खारं पाणी मात्र त्यांना आम्लासारखं जाळतं. लॉस एंजेलिससारख्या समुद्रकाठच्या शहरात राहायचं आणि समुद्राच्या जवळ जायचं नाही. चित्रपटाच्या शेवटी समुद्रात पडलेल्या सायक्सला वर ओढण्यासाठी जॉर्ज हात पाण्यात घालतो. त्याच्यासाठी ते विस्तवात हात घालण्यासारखंच आहे. मालिकेतल्या ‘द गेम’ या भागात हेच खारं पाणी जीवघेण्या जुगाराचं साधन होतं. अवकाशयानावर गुलामांना जो खेळ खेळायला लावत, तो इथे शहरात पुन्हा सुरू झालेला असतो.

१०. यात पुरुष गरोदर राहतो, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि मालिकेने ते विनोदावारी नेलेलं नाही. नवागतांच्या पुनरुत्पत्तीला तिघं लागतात: स्त्री, पुरुष आणि ‘बिनाउम’ नावाचा तिसरा, जो गर्भधारणा शक्य करतो. बिनाउम संख्येने फार थोडे असतात. ‘थ्री टू टँगो’ हा भाग त्यांच्यावर आहे. आपला अल्बर्टही बिनाउमच. सुरुवातीला गर्भ आईच्या पोटात वाढतो, मग ठरावीक वेळी तो बापाच्या शरीरात सोपवला जातो आणि पुढचे दिवस बाप भरतो.

‘रिअल मेन’ या भागात जॉर्जचे दिवस भरतात. सायक्स त्याच्या सोबतीला असतो. १९९० साली, पोलिसी मालिकेत, एक डिटेक्टिव्ह कळा देतोय आणि दुसरा घामाघूम होऊन त्याला धीर देतोय हे दृश्य रात्री नऊ वाजता अमेरिकेच्या घराघरांत दाखवलं गेलं. त्या आधीच्या भागांत जॉर्जची चिडचिड, सुजलेले पाय, सहकाऱ्यांची टिंगल हे सगळं येतं. बाळंतपण पाहिलेल्या कोणाही बाईला त्यातला एकही तपशील परका वाटणार नाही. बाळाचं नाव वेस्ना.

११. म्हणजे ही मालिका खरं तर वंशभेदावर आहे का?

हो, आणि ती ते लपवत नाही. पहिल्याच भागात छोटी एमिली माणसांच्या शाळेत जाणारी नवागतांची मुलगी असते आणि शाळेबाहेर विरोधकांचा जमाव उभा असतो. अमेरिकन प्रेक्षकाला यात १९६०चं न्यू ऑर्लिन्स दिसतं. तिथे सहा वर्षांच्या रूबी ब्रिजेस या काळ्या मुलीला केंद्राच्या पोलिसांच्या संरक्षणात गोऱ्यांच्या शाळेत न्यावं लागलं होतं. मला स्वतःला शाळेच्या वाटेवर अंगावर शेण झेलणाऱ्या सावित्रीबाई आठवल्या.

‘द स्पिरिट ऑफ नाइन्टीफाइव्ह’ या भागात नवागतांना मतदानाचा हक्क द्यावा की नाही, हा वाद आहे. ‘प्युरिस्ट’ नावाची माणसांची संघटना मालिकाभर येत राहते. नवागत नकोतच, ही तिची भूमिका. नवागतांसाठी ‘स्लॅग’ ही शिवी आहे. ती इतक्या सहज वापरली जाते की काही भागांनंतर ऐकणाऱ्यालाच बोचू लागते.

चांगली गोष्ट अशी की सायक्सचा पूर्वग्रह एका भागात धुऊन निघत नाही. तो जॉर्जसाठी जीव धोक्यात घालतो आणि तासाभराने मूर्खासारखं काही तरी बोलून जातो. शेजारच्या कॅथीवर त्याचा जीव जडतो, तेव्हा आपण ‘त्यांच्यातली’ बाई घरी आणली तर लोक काय म्हणतील याची भीती त्याला सुटत नाही.

१२. नवागत सगळे सज्जनच दाखवलेत का?

मुळीच नाही. यानावर गुलामांवर देखरेख करणारे मुकादमही टेंक्टनीजच होते. मनगटावरच्या गोंदणावरून ते ओळखू येतात. यान उतरल्यावर ते गर्दीत मिसळून गेले आणि आता त्याच शहरात, त्यांच्याच लोकांमध्ये राहतात. दुकानात शेजारी उभा असलेला माणूस कदाचित आपल्याला चाबकाने मारणारा असेल, ही भीती मालिकेत सतत वावरते. नवागतांच्या आपसातल्या उच्चनीचतेवर पुढे ‘द एनिमी विदिन’ हा अख्खा टीव्ही चित्रपट आहे (प्रश्न १६).

१३. यान १९८८ला उतरलं की १९९०ला? नवागत तीन लाख की अडीच लाख?

दोन्ही बरोबर, पण वेगवेगळ्या ठिकाणी. चित्रपटात यान १९८८मध्ये उतरतं, कथा १९९१मध्ये घडते आणि आकडा तीन लाख आहे. मालिकेत अडीच लाख आहेत आणि यान येऊन पाच वर्षं झाली आहेत. कथेचं साल १९९५, म्हणजे उतरण्याचं साल १९९० पडतं.

असंच सायक्सच्या जुन्या जोडीदाराच्या मृत्यूचं. तो चित्रपटातही मरतो आणि मालिकेतही. मालिका चित्रपटाचा पुढचा भाग आहे असं धरून पाहिलंत तर प्रत्येक पायरीवर ठेच लागेल. तेच बीज पुन्हा पेरलंय असं समजा.

१४. चांगली होती तर एका वर्षात बंद का पडली?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि बहुतेकांनी मनाशी उत्तर ठरवलेलं असतं: लोकांना आवडली नसणार. तसं नव्हतं.

फॉक्स तेव्हा अगदी नवी वाहिनी होती. एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या तिघांच्या मक्तेदारीत १९८६च्या शेवटी ती उतरली आणि आठवड्यातले थोडेच दिवस कार्यक्रम दाखवायची. सोमवारची रात्र तिने सुरू केली तीच १९८९च्या हंगामात. जाहिरातींचं उत्पन्न अपेक्षेपेक्षा कमी आलं आणि हंगाम संपताना तासाभराच्या मालिकांवर कुऱ्हाड पडली. ‘एलियन नेशन’ एकटीच गेली नाही. तिच्या आधी लागणारी ‘ट्वेंटीवन जंप स्ट्रीट’ही फॉक्सने सोडली आणि तिचा शेवटचा हंगाम दुसऱ्या मार्गाने, स्वतंत्र वितरणातून दाखवला गेला.

खर्चाचा हिशेबही पाहायला हवा. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक नवागताला, अगदी मागे उभ्या राहणाऱ्यालासुद्धा, डोकं झाकणारा नकली टोप आणि रंगकाम लागायचं. मुख्य नट पहाटेच तासन् तास मेकअपच्या खुर्चीत. त्याच सुमाराला फॉक्सकडे ‘कॉप्स’सारखे स्वस्तात होणारे कार्यक्रम आणि ‘द सिम्प्सन्स’सारखी अर्ध्या तासाची लोकप्रिय मालिका होती. कोणाला ठेवायचं हे ठरवणाऱ्याने चोपडी उघडली असेल तर उत्तर उघड होतं.

मला राग आहे तो घाईचा. १९९०च्याच ऑक्टोबरमध्ये याच वाहिनीने ‘बेव्हर्ली हिल्स, नाइन ओ टू वन ओ’ सुरू केली. म्हणजे तासाभराच्या मालिकांवरचा विश्वास काही महिन्यांत परत आला. ही मालिका तेवढी मधल्या फटीत सापडली.

१५. शेवटचा भाग अर्धवटच संपतो का? माझ्या संचात काही गहाळ तर नाही ना?

संच पूर्ण आहे. ‘ग्रीन आइज’ हा बाविसावा भाग. प्युरिस्ट नवागतांना मारणारा जंतू तयार करतात, त्याची लागण सुझन आणि एमिलीला होते, त्या दोघी मृत्यूच्या दारात असतात आणि मालिका तिथेच थांबते. पुढचा हंगाम मिळणारच अशा समजुतीने तो शेवट लिहिला होता. त्या रात्री पाहणाऱ्यांना पुढचं कळायला साडेचार वर्षं थांबावं लागलं.

१६. टीव्ही चित्रपट कोणते, आणि कोणत्या क्रमाने पाहायचे?

दाखवले त्याच क्रमाने. ‘डार्क होरायझन’ २५ ऑक्टोबर १९९४ला आला. हरवलेल्या गुलामांच्या शोधात पृथ्वीवर आलेला अपॉस्नो त्यात आहे. ते काम स्कॉट पॅटरसनने केलंय, तोच पुढे ‘गिलमोर गर्ल्स’मधला ल्यूक. १९९५मध्ये ‘बॉडी अँड सोल’ आला. त्यात माणूस आणि नवागत दोघांचे गुण असलेलं एक मूल सापडतं, आणि सायक्स-कॅथीचं नातं पुढे सरकतं. १९९६च्या जानेवारीत ‘मिलेनियम’, नोव्हेंबरमध्ये ‘द एनिमी विदिन’, आणि २९ जुलै १९९७ला ‘द उदारा लेगसी’. पाचही फॉक्सवरच लागले, पाचही जॉन्सन यांनी दिग्दर्शित केले आणि घरची माणसं तीच राहिली. इतक्या वर्षांनी सगळे नट परत आले याचं मला अजून कौतुक वाटतं.

वेळ कमी असेल तर ‘मिलेनियम’ सोडला तरी चालेल. ‘द एनिमी विदिन’ सोडू नका. स्वतः हीन वागणूक सोसलेला जॉर्ज आपल्याच लोकांमधल्या एका जमातीला, ‘ईनो’ मंडळींना, शिवायला तयार नसतो. इतकी वर्षं ज्याच्या चांगुलपणावर आपण विसंबलो, त्याचं हे रूप पाहणं अवघड जातं. आपल्याकडच्या प्रेक्षकाला तर ते जास्तच जवळून दिसतं.

१७. ‘डार्क होरायझन’ची सुरुवात आधी पाहिल्यासारखी का वाटते?

कारण ती पाहिलेलीच आहे. मधली चार वर्षं नव्या प्रेक्षकांना काही ठाऊक नव्हतं आणि जुने विसरले होते. एमिलीचं काम करणारी मुलगी तोवर मोठी झाली होती. म्हणून ‘ग्रीन आइज’मधल्या घटना नव्याने चित्रित करून सुरुवातीला घेतल्या. दोन्ही लागोपाठ पाहिले तर तपशील थोडे इकडेतिकडे दिसतात. त्या वेळी टीव्ही चित्रपटातलंच खरं धरून पुढे जावं.

१८. या मालिकेवर कादंबऱ्या आहेत म्हणे?

नव्वदच्या दशकात आठ कादंबऱ्या आल्या. दुसऱ्या हंगामासाठी लिहून ठेवलेल्या आणि कधीच चित्रित न झालेल्या पटकथांवर त्यातल्या काही बेतल्या होत्या. ‘डार्क होरायझन’ आणि ‘बॉडी अँड सोल’ ही नावं त्यामुळेच पुस्तकांवरही दिसतात आणि टीव्ही चित्रपटांवरही.

१९. यातली मंडळी पुढे कुठे दिसली?

गॅरी ग्रॅहम ‘स्टार ट्रेक: एंटरप्राइझ’मध्ये सोव्हल हा व्हल्कन राजदूत झाला. सतत परग्रहवासीयांवर भडकणारा सायक्स तिथे स्वतः टोकदार कान लावून शांतपणे बसलेला पाहून मला भरून आलं होतं. जानेवारी २०२४मध्ये तो गेला, ७३ वर्षांचा होता. पियरपॉइंटही ‘स्टार ट्रेक’च्या निरनिराळ्या मालिकांत भेटतो. लेखकांपैकी डायॲन फ्रोलोव्ह आणि अँड्र्यू श्नायडर हे दांपत्य पुढे ‘नॉर्दर्न एक्सपोजर’ आणि ‘द सोप्रानोज’साठी लिहू लागलं. मूळ पटकथाकार ओबॅनन यांनी ‘फारस्केप’ निर्माण केली.

२०. नवी आवृत्ती येणार होती, तिचं काय झालं?

दोनदा घोषणा झाली. २००९मध्ये सायफाय वाहिनीसाठी टिम मिनियर नवी मालिका लिहिणार असं ठरलं. २०१६मध्ये जेफ निकोल्स नवा चित्रपट करणार असं जाहीर झालं. दोन्ही पडद्यापर्यंत पोचलं नाही.

२१. चित्रपटावरून केलेल्या अमेरिकन मालिका अशाच अल्पायुषी असतात का?

बऱ्याच असतात. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’वरची १९७४ची मालिका १४ भागांत आटोपली. ‘लोगन्स रन’चेही १४च. १९८३ची ‘कॅसाब्लांका’ पाच भागांवर थांबली, २०१५ची ‘मायनॉरिटी रिपोर्ट’ दहावर. उलट ‘मॅश’ ११ हंगाम चालली. बंद पडलेल्यांपैकी बहुतेकांत चित्रपटाची चौकट उचलून तिच्यात आठवड्याला एक साहस भरलेलं दिसतं. ‘एलियन नेशन’ त्या रांगेत बसवली जाते ती फक्त भागांच्या संख्येमुळे. तिने काय वेगळं केलं ते प्रश्न ७ मध्ये लिहिलंच आहे.

२२. पाहायची कशी? आणि मुलांबरोबर पाहता येईल का?

मालिकेचा डीव्हीडी संच २००६मध्ये निघाला आणि टीव्ही चित्रपटांचा २००८मध्ये. अमेरिकेतून मागवणार असाल तर डबीवरचा विभाग क्रमांक पाहून घ्या. तिथल्या तबकड्या पहिल्या विभागाच्या असतात, आपला भारत पाचव्या विभागात येतो. माझा संच आला तेव्हा घरच्या प्लेअरने तो घेतलाच नाही. शेवटी संगणकावर, जेवणाच्या टेबलाशी बसून, आई आणि मी रोज रात्री एक भाग असं करत पाहिला.

मुलं बारा-तेरा वर्षांची असतील तर खुशाल. खून, मारामारी आहे, रक्ताचा सडा नाही. तिघांच्या संगतीबद्दल (प्रश्न १०) प्रश्न विचारतील, तेवढी तयारी ठेवा.

२३. बावीस भाग पाहायला सवड नाही. निवडून कोणते पाहू?

पहिला भाग चुकवू नका. मग ‘थ्री टू टँगो’, ‘द गेम’, ‘द स्पिरिट ऑफ नाइन्टीफाइव्ह’, ‘रिअल मेन’ आणि ‘ग्रीन आइज’, याच क्रमाने. ‘ग्रीन आइज’ला बसण्याआधी ‘डार्क होरायझन’ हाताशी असू द्या. आमच्याकडे तो नव्हता. तबकडी संपल्यावर आईने विचारलं, “पोरगी वाचते ना गं?” पुढचा संच मिळेपर्यंत, जवळजवळ दोन महिने, ती जेवताना मधूनच हे विचारायची.